लिलावातली फियाट आणि मुलीच्या शिक्षणाचा निधी

सप्रेम नमस्कार. मुदत ठेवीतील ४० लाखांपैकी १८ लाख रुपयांत मुंबईतील एका लिलावातून १९६७ ची फियाट ११०० घ्यावी आणि ६ वर्षांनी ती विकून मुलीच्या परदेशी शिक्षणाचा खर्च भागवावा, असे आपण लिहिले आहे. कुर्ल्यात तयार झालेल्या या गाडीची ओढ मी समजू शकतो. मात्र फी भरण्याची तारीख ठरलेली असते आणि जुन्या गाडीला गिऱ्हाईक कधी मिळेल हे कोणालाच ठरवता येत नाही, म्हणून या दोन गोष्टींची सांगड घालू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

हेच १८ लाख ७ टक्के चक्रवाढ दराने ६ वर्षांत, कर वगळता, सुमारे २७ लाख होतात. गाडीला तेवढी किंमत आली तरी लिलावदाराचे कमिशन, त्यावरील जीएसटी, विमा, मेकॅनिक आणि बंदिस्त पार्किंगचे भाडे वसूल व्हायचे राहतेच. शिवाय लिलावात माल ‘जसा आहे तसा’ विकला जातो. बोलीआधी पायाखालचे रबरी मॅट उचलून पत्रा अवश्य पाहावा, कारण वर चकचकीत रंग आणि खाली खाऱ्या हवेने चाळणी झालेला पत्रा, हा प्रकार मुंबईत नवा नाही. इंजिन आणि चॅसिस क्रमांक आरसी बुकाशी जुळले नाहीत, तर तिथूनच परत फिरावे.

कराचा मुद्दा अधिक नाजूक आहे. वैयक्तिक वापराच्या गाडीवरील नफ्याला भांडवली नफा कर लागत नाही, हे ऐकून आपण निश्चिंत झालेले दिसता. परंतु १९८३ मध्ये २० हजारांना घेऊन पुढे २१ लाखांना विकलेल्या १९३१ च्या फोर्ड टूररच्या प्रकरणात, प्रत्यक्ष वैयक्तिक वापराचा पुरावा नसल्याने, मुंबई उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये तो नफा करपात्र ठरवला. दुसरीकडे, २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांवरील गाडीची व्हिंटेज म्हणून नोंदणी केली, तर ती रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. म्हणजे केवळ गुंतवणूक म्हणून झाकून ठेवलेल्या गाडीला करसवलतीचा आधार फारसा उरत नाही.

तेव्हा मुलीच्या निधीला हात लावू नये. ४ वर्षांनी ग्रॅच्युइटी हाती येईल, त्या वेळी निवृत्तीची तरतूद करून जे उरेल त्यातून, विकण्याचा विचार न ठेवता, खुशाल बोली लावावी.