नाताळ तोंडावर आलाय आणि मुलगा प्रार्थनेला बसत नाही

आगमनकाळ, म्हणजे नाताळच्या आधीचे चार रविवार, नोव्हेंबर संपता संपता सुरू झाला की कुटुंब समुपदेशक म्हणून माझ्याकडे एकच तक्रार फिरून फिरून येते. "मॅडम, मुलगा चर्चला येईनासा झालाय, संध्याकाळच्या प्रार्थनेलाही बसत नाही, नाताळला तरी येईल ना?" कधी मुलगा असतो कधी मुलगी, वय १६ ते २२ च्या मधलं, पण आईच्या आवाजातली भीती तीच, आमचेच संस्कार कमी पडले. वर्षभर हे कसंबसं चालून जातं, डिसेंबरात मात्र घरात रोज प्रार्थना, नातेवाईकांची ये-जा, गायनाची प्रॅक्टिस, मग रिकामी खुर्ची डोळ्यावर येते.

असंच एक घर, ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. आई, वडील, १९ वर्षांचा मुलगा. आई आधी एकटीच आली आणि तासभर मुलाच्या श्रद्धेबद्दल बोलली. मी घरातल्यांना एकत्र बसवल्याशिवाय पुढं जात नाही आणि एकट्या मुलाला "सरळ करायला" तर घेतच नाही, यावरून बरेच पालक नाराज होतात, होऊ देत.

तिघं आले. मुलाला विश्वासाबद्दल मी काही विचारलंच नाही. "घरी प्रार्थना कशी होते ते सांग," एवढंच म्हटलं.

"मेणबत्ती लावतो, बायबल वाचतो, मग आई मोठ्यानं प्रार्थना करते. प्रभू, याला लवकर उठायची बुद्धी दे. प्रभू, याला त्या मोबाईलपासून सोडव. प्रभू, याच्या मित्रांपासून..."

"मग? आईनं मुलासाठी प्रार्थना करायची नाही का?"

"तू देवाशी कुठं बोलतेस, देवाला मध्ये घालून मलाच बोलतेस. आणि तिथं मला उत्तरही देता येत नाही, डोळे मिटून आमेन म्हणायचं फक्त."

वडील इतका वेळ खाली बघत होते, ते हळूच म्हणाले, "माझंही नाव असतं कधीकधी." आईला आधी राग आला आणि मग हसूच फुटलं.

मी विचारलं, "ताई, हे सगळं त्याच्याशी समोरासमोर बोललात कधी?"

"बोललं की भांडण होतं."

"आणि प्रार्थनेत?"

ती थांबली. "नाही होत."

दोघांना एकमेकांशी बोलणं जड झालं की तिसऱ्याला मध्ये ओढायचं, हे मरे बोवेन या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञानं कुटुंबांचा अभ्यास करून केव्हाच सांगून ठेवलंय, मी त्याच वाटेनं काम करते. तिसरी कधी आजी असते, कधी धाकटी बहीण. या घरात देवच होता. मुलगा पळत होता तो देवापासून नव्हे, त्या टोमण्यापासून.

मग मी बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय काढला, हे मात्र कुठल्या पुस्तकातलं नाही, माझं मलाच सुचलेलं. १२ वर्षांचा येशू यरुशलेमात मागं राहतो, तीन दिवसांनी मंदिरात सापडतो. मरिया तिथं, साक्षात मंदिरात, देवाकडे गाऱ्हाणं करत बसत नाही. ती मुलालाच विचारते, तू आमच्याशी असा का वागलास, आम्ही काळजीनं कासावीस होऊन तुला शोधत होतो. त्याचं उत्तर आईबापांना कळलं नाही असंही लूक लिहितो, तरी तिघं नासरेथला बरोबरच परतले.

आई बराच वेळ गप्प होती. मग मुलाकडे वळून म्हणाली, "तू घरी येईपर्यंत मला झोप लागत नाही. तू बोलत नाहीस ना, तर वाटतं तू आमच्यातून गेलास."

"मला देव नको असं मी म्हटलंच नाहीये गं. मला फक्त तिथं बसायचं नाही."

पुढं ठरलं ते साधं होतं. नाताळपर्यंत मोठ्यानं प्रार्थना करताना ज्यानं त्यानं फक्त आभार मानायचे आणि स्वतःसाठी मागायचं, मुलासाठी आईनं खोलीत दार लावून हवं तेवढं मागावं, तसं तर मत्तयच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात येशूनंच सांगितलंय. उठणं, मोबाईल, मित्र यावर बोलायचं ते जेवून झाल्यावर, आणि उत्तर ऐकून घ्यायचं. आगमनकाळाच्या तिसऱ्या रविवारी, आनंदाची गुलाबी मेणबत्ती लावतात ना त्या दिवशी, तो आपणहून येऊन बसला. २४ डिसेंबरच्या रात्री मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या नाताळच्या उपासनेलाही गेला, पण मित्रांबरोबर, मागं उभा राहून. जानेवारीत पुन्हा रविवार बुडवायला लागला, घरात बोलणं मात्र चालू राहिलं, आणि मी तरी याला यश म्हणते.

तुमच्याकडेही हेच चालू असेल तर आज रात्री आपलीच प्रार्थना जरा कान देऊन ऐका, त्यातली किती वाक्यं शेजारी बसलेल्यासाठी आहेत? लहान मुलांचं वेगळं, आठ-नऊ वर्षांच्या पोराला हात धरून चर्चला न्यावंच, पण १९ वर्षांच्याला विचारावं लागतं आणि "नाही" ऐकायची तयारी ठेवूनच विचारावं लागतं. आणि एक, मूल चर्चबरोबरच झोप, जेवण, मित्र, अभ्यास असं सगळंच सोडत चाललं असेल तर तिथं श्रद्धेचा वाद घालत बसू नका, फादर-पास्टरांशी नंतर बोला, आधी मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा, नाताळ होऊन जाऊ दे मग बघू असं करू नका.