पुण्याहून जर्मनीला जाताना लहान मुलं तिकडे कशी रुळतात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ऑगस्टमध्ये स्टुटगार्टला जायचंय, मुलगी सात वर्षांची, मुलगा साडेतीन, दोघांनाही जर्मनचा गंध नाही. शाळा इंग्रजी बघायची की जर्मन, मुलं रुळायला किती वेळ लागतो, आणि सासू-सासऱ्यांना सुरुवातीलाच सोबत न्यावं का?

आमच्याकडे नोकरी बायकोची होती. मी सांगलीचं काम सोडून मुलांना घेऊन मागोमाग गेलो. त्यामुळे माझं बरंचसं ज्ञान बालवाडीतल्या बुटक्या खुर्चीवर बसून मिळवलेलं आहे. त्यावरून सांगतो: तुम्हा दोघांपैकी एकाने पहिलं अर्धं वर्ष नोकरीची घाई करू नका. घरखर्चाचं गणित तसं बसत असेल तर बसवाच. मुलं रुळतात, पण त्यासाठी घरातलं एक माणूस दिवसा मोकळं लागतं.

कारण सांगतो. मुलाला किटात (तिकडची बालवाडी) प्रवेश मिळाला की पहिल्या दिवशी त्याला दारात सोडून निघता येत नाही. आपल्याकडे जूनमध्ये रडणाऱ्या पोराला बाईंच्या हातात देऊन आई-बाप पळ काढतात, तसं तिकडे चालत नाही. ‘आइनगेव्योनुंग’ नावाचा प्रकार असतो. बऱ्याच ठिकाणी बर्लिनची पद्धत वापरतात. पहिले तीन दिवस आई किंवा वडील मुलासोबत तासभर तिथेच बसतात. चौथ्या दिवशी पालक थोडा वेळ बाहेर जाऊन येतात आणि मूल बाईंकडून शांत होतं का ते पाहिलं जातं. झालं तर वेळ वाढवायची, नाही तर पुन्हा थांबायचं. यात दोन आठवडे जातात, कधी महिना. साहेबाला हे सांगून रोज दहा वाजता ऑफिस सोडणं नव्या माणसाला जड जातं.

मग येतो पहिला हिवाळा. सर्दी, ताप, पुन्हा सर्दी. ताप असलेलं मूल किटा ठेवून घेत नाही, फोन करून न्यायला बोलावतात. सरकारी आरोग्य विमा असेल तर बारा वर्षांखालच्या आजारी मुलासाठी नोकरदार पालकाला रजा आणि पगाराचा मोठा हिस्सा मिळतो. २०२४ पासून ही मर्यादा प्रत्येक पालकाला दर मुलामागे वर्षाला १५ दिवस आहे. ऐकायला भरपूर वाटतात. नोव्हेंबर ते मार्च काढून बघा.

जागा मिळणं हीच मुळात लढाई असते. एक वर्षाच्या पुढच्या मुलाला जागेचा कायदेशीर हक्क २०१३ पासून आहे, पण हक्क आणि जागा या वेगळ्या गोष्टी. शहराच्या ऑनलाइन यादीत पत्ता मिळाल्या मिळाल्या नाव घाला, आणि जवळच्या किटांत स्वतः जाऊन तोंड दाखवा. जाताना दोन्ही मुलांची लसीकरणाची मूळ कार्डं हातातल्या बॅगेत ठेवा. मार्च २०२० पासून गोवराच्या दोन डोसांचा पुरावा दिल्याशिवाय किटात घेत नाहीत आणि शाळाही तो मागते. आपल्याकडे एमआर किंवा एमएमआरचे दोन डोस दोन वर्षांच्या आत होतात, तेव्हा लस झालेली असते. घोटाळा होतो तो पुसट शिक्क्यांचा. पुण्यातल्या डॉक्टरांकडून इंग्रजीत, तारखांसकट नव्याने लिहून घ्या.

आता मुलीची शाळा. तीन-चार वर्षांहून जास्त राहायचा विचार असेल तर माझं मत सरळ जर्मन सरकारी शाळेच्या बाजूने आहे. इंग्रजी आंतरराष्ट्रीय शाळेची फी वर्षाला हजारो युरो असते, पण माझा आक्षेप पैशाचा नाही. त्या शाळेतल्या मैत्रिणी शहरभर विखुरलेल्या असतात आणि दर वर्षी त्यांच्यातलं कुणी ना कुणी देश सोडून जातं. गल्लीतल्या शाळेतली मुलं संध्याकाळी गल्लीतच असतात. शिवाय तिथे चौथीनंतर मुलं वेगवेगळ्या प्रकारच्या शाळांत विभागली जातात, त्याआधी भाषा पक्की व्हायला हवी. सात हे त्यासाठी चांगलं वय आहे. जर्मन न येणाऱ्या मुलांसाठी बाडेन-व्युर्टेमबर्गमध्ये (स्टुटगार्ट याच राज्यात आहे) तयारी वर्ग असतात. तुमच्या भागात कुठल्या शाळेत आहे ते आत्ताच ईमेल करून विचारा. वर्ग सप्टेंबरच्या मध्याला सुरू होतात, तेव्हा ऑगस्टमध्ये पोचणं सोयीचंच आहे.

मुलगी सुरुवातीला काही महिने वर्गात बोलणारच नाही. ऐकेल, बघेल, घरी येऊन चिडचिड करेल. बाई ‘गप्प असते’ म्हणाल्या तरी घाबरू नका आणि घाबरून घरात मोडकंतोडकं जर्मन सुरू करू नका. घरात मराठीच. आपलं चुकीचं जर्मन ऐकून मुलं काही शिकत नाहीत, उलट वर्षभराने तीच आपल्याला सुधारतात. आजी-आजोबांचा व्हिडिओ कॉल शाळा सुटल्यावर लावा. हिवाळ्यात तिकडचे चार म्हणजे इकडचे साडेआठ, दोन्ही घरांना बरं पडतं.

डिसेंबरात सूर्य आठनंतर उगवतो आणि साडेचारला मावळतो. तरी किटातली मुलं पावसात, थंडीत बाहेर खेळतात. गमबूट आणि चिखलात लोळायची रबरी पँट पुण्याहून आणू नका, तिकडे जुन्या कपड्यांच्या बाजारात स्वस्तात मिळतात. जेवणाचं फार मनावर घेऊ नका. आमचा धाकटा घरी वरण-भात आणि किटात ब्रेझल (तिकडचा पिळाचा खारा पाव), असा स्वतःच तह करून मोकळा झाला.

पैशांचं एक: किंडरगेल्डचा (मुलांसाठी मिळणाऱ्या सरकारी भत्त्याचा) अर्ज पत्त्याची नोंदणी होऊन मुलांचे कर-क्रमांक पोस्टाने आले की लगेच करा. २०२६ पासून दर मुलामागे महिना २५९ युरो मिळतात. उशीर केला तर मागचे सहाच महिने धरतात.

सासू-सासऱ्यांना मात्र लगेच नेऊ नका. शेंगेन व्हिसावर (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या पाहुण्यांच्या व्हिसावर) ९० दिवस मिळतात. ते ऑक्टोबर-नोव्हेंबरात संपवले तर बिचारे खिडकीपाशी बसून राहतील, आणि आजी घरात असली की मुलं खाली अंगणात उतरणार नाहीत. मे महिन्यात बोलवा. तोवर नातीला दुकानात, बसमध्ये त्यांच्यासाठी बोलता येईल. व्हिसासाठी त्यांच्या प्रवासी आरोग्य विम्याचं कव्हर किमान ३०,००० युरोचं लागतं. आणि किटातून नातवाला आणायला ते जाणार असतील तर त्यांची नावं आधी लेखी द्या, नाही तर बाई मूल त्यांच्या हातात देणार नाहीत.