‘गेम शिकायला कॉलेज कशाला लागते?’

नागपुरात धरमपेठेतील माझ्या समुपदेशन कक्षात येणारे पालक गेल्या काही वर्षांत एक काळजी जवळजवळ त्याच शब्दांत मांडतात: मुलगा मोबाइल आणि कॉम्प्युटरवर गेम खेळत बसतो आणि आता म्हणतो की त्याला त्यातच पदवी घ्यायची आहे, हे खरोखर शिक्षण आहे की न अभ्यासण्याचा बहाणा? अशाच एका कुटुंबाचा अनुभव, ओळख पटू नये एवढे तपशील बदलून, येथे मांडतो.

मुलगा अकरावीत होता, अभियांत्रिकीच्या प्रवेश परीक्षेची ट्यूशन चालू होती आणि वडील सरकारी कार्यालयात लेखापाल होते. पहिल्या भेटीत ते म्हणाले, “सर, व्यसन आहे हे. तुम्ही फक्त तेवढे सोडवून द्या.”

व्यसनाची शंका मी कधीच हसण्यावारी नेत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022पासून लागू झालेल्या आजार-वर्गीकरणात गेमिंगच्या विकाराला स्वतंत्र स्थान आहे, आणि त्याची लक्षणे स्पष्ट आहेत: खेळण्यावरचा ताबा सुटणे, इतर सर्व गोष्टींपेक्षा खेळ वरचढ ठरणे आणि नुकसान दिसत असूनही तो चालूच राहणे, तेही साधारणपणे बारा महिने. या मुलाची झोप, मित्र आणि जेवण व्यवस्थित होते, गणिताचे गुण थोडे घसरले होते. हा विकार नव्हता, आणि मी ते वडिलांना तसे स्पष्ट सांगितले.

मुलाशी एकट्याने बोलताना मी विचारले, “तुला हेच का शिकायचे आहे?” तो म्हणाला, “मी खूप चांगला खेळतो.” हे उत्तर मी अनेक मुलांकडून ऐकतो आणि ते मला पुरेसे वाटत नाही, कारण खेळण्यातील कौशल्य आणि खेळ घडवण्याची ओढ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. म्हणून मी त्याला एक काम दिले: जो गेम तू अर्धवट सोडलास, तो नेमक्या कोणत्या ठिकाणी सोडलास आणि का, ते लिहून आण.

पुढच्या भेटीला त्याने वहीची चार पाने भरून आणली होती. “सुरुवातीला गेम मला काहीतरी शिकवत होता,” त्याने वाचून दाखवले, “नंतर तो फक्त थांबायला लावत होता. दार उघडायचे असेल तर दोन तास वाट बघा, नाहीतर पैसे भरा.” कुठलाही सिद्धान्त न वाचता तो विश्लेषणाच्या उंबरठ्यावर येऊन उभा होता.

खेळांच्या अभ्यासाची परंपरा पालकांना माहीत नसते, म्हणून ती थोडी सांगतो. डच इतिहासकार योहान हाउझिंगा यांनी 1938 मध्ये खेळ हा संस्कृतीचा पाया मानून ग्रंथ लिहिला. डिजिटल खेळांना वाहिलेले संशोधन-नियतकालिक 2001मध्ये सुरू झाले. कोपनहेगनच्या आयटी विद्यापीठात हा विषय पदव्युत्तर स्तरावर शिकवला जातो. 2004 मध्ये तीन अभ्यासकांनी मांडलेली एक चौकट आजही वर्गात वापरली जाते: डिझायनर नियम ठरवतो, नियमांमधून खेळणाऱ्यांचे वर्तन घडते आणि त्या वर्तनातून भावना निर्माण होते, खेळणाऱ्याला मात्र आधी भावनाच भेटते.

ही चौकट मी बापलेकांसमोर शब्दांनी समजावली नाही. वडिलांना लहानपणचा खेळ विचारला. ते म्हणाले, अष्टाचंगा. मुलाने कागदावर पट आखायला घेतला आणि एकेक नियम विचारू लागला. त्यांच्या घरी एक तरी सोंगटी मारल्याशिवाय आतल्या घरांत जाता येत नसे. मुलगा थांबला आणि म्हणाला, “बाबा, हा नियम नसता तर सगळे सुरक्षित घरांतच लपून बसले असते. भांडण व्हावे म्हणूनच तो आहे.” वडील काही वेळ पटाकडे पाहत राहिले आणि मग म्हणाले, “दिवाळीत लहान मुले रडायची, म्हणून आमची आई तो नियम काढून टाकायची.”

“मग आजीने गेम डिझाइनच केला की,” मुलगा म्हणाला.

त्यानंतर मला बराच वेळ बोलावे लागले नाही. नियम काढल्यावर खेळ लवकर संपायचा का, मोठ्यांना कंटाळा यायचा का, यावर दोघे वाद घालत होते, आणि हिशेबाची सवय असलेले वडील कवड्यांच्या दानांची शक्यता मुलापेक्षा अचूक मांडत होते. मुलगा खेळात वाया चालला आहे, ही त्यांची समजूत माझ्या युक्तिवादाने हलली नसती. आपल्या आईने केलेले काम आणि मुलाचे वेड एकाच जातीचे आहे, हे त्यांनी स्वतः पाहिले म्हणून ती हलली. समुपदेशकाने निष्कर्ष हातात ठेवण्याऐवजी तो सापडेल अशी जागा तयार करावी, असे मी मानतो आणि या प्रसंगाचे मला आजही समाधान वाटते.

तरीही काळजी संपली नव्हती. “नोकरीची हमी काय?” वडिलांनी विचारले. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विचारांवर माझा विश्वास आहे. माणसाला त्याची इच्छा त्रास देत नाही, इच्छेचा हट्ट झाला की त्रास सुरू होतो. मुलाला चांगली नोकरी मिळावी ही रास्त इच्छा आहे, ती मिळालीच पाहिजे हा हट्ट अभियांत्रिकीच्या बाबतीतही कोणी पुरवू शकत नाही. 2023 आणि 2024 मध्ये जगभरच्या मोठ्या गेम कंपन्यांनी हजारो लोकांना कामावरून कमी केले, हे मी लपवले नाही. त्याच वेळी प्रोग्रामिंग, रेखाटन, लेखन आणि माणसांचे निरीक्षण ही या शिक्षणातील कौशल्ये इतरत्रही उपयोगी पडतात, हेही सांगितले.

पालकांना माझा आग्रह असा की प्रवेशाचा निर्णय घेण्यापूर्वी मुलाला कागदावरचा एक लहान खेळ तयार करायला सांगा, तो शेजारच्या मुलांना खेळायला द्या आणि आपल्या मुलाला मधे एक शब्दही न बोलता पाहत बसू द्या. खेळणारे कुठे अडतात आणि कुठे कंटाळतात हे टिपून तो नियम बदलायला बसला, तर ओढ खरी आहे. “त्यांनाच खेळता येत नाही,” असे म्हणून तो उठला, तर अजून थांबावे.

या मुलाने ते दोनदा केले. पहिल्यांदा तो चिडला आणि दुसऱ्यांदा त्याने पट लहान केला. बारावीनंतर डिझाइनच्या पदवीसाठी यूसीड ही आयआयटींसारख्या संस्थांची प्रवेश परीक्षा आणि राष्ट्रीय डिझाइन संस्थेची स्वतःची परीक्षा असते, आणि त्या संस्थेच्या बेंगळुरू केंद्रात डिजिटल गेम डिझाइनचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. म्हणजे आधी दुसरी पदवी घेऊनही या वाटेवर येता येते. हे कळल्यावर वडिलांनी अभियांत्रिकीची ट्यूशन चालू ठेवण्याची अट घातली, मुलाने आठवड्यातून दोन संध्याकाळी डिझाइनच्या तयारीसाठी मागितल्या, आणि सर्व निकाल हाती आल्यावर तिघांनी पुन्हा बसायचे ठरले आहे.