गाठ वेगळी, गुंता वेगळा

पावसाळी मासेमारी बंदी लागून होड्या किनाऱ्यावर चढल्या, की माझ्याकडे तेच ते प्रश्न येतात. रबर असो की होडीच्या फायबरला लावायचं रेझिन, आत रेणूंच्या लांबच लांब साखळ्या असतात. त्या नुसत्या एकमेकींत अडकल्या तर गुंता, रासायनिक बंधाने जोडल्या गेल्या तर गाठ. एवढं लक्षात ठेवलंत तर निम्मे फोन वाचतील.

दोडामार्ग : आमच्या बागेतलं रबर शीट ताणून सोडलं की मागे येतं, पण वजन टांगून रात्रभर ठेवलं तर लांबच राहतं. व्यापारी म्हणतो, माल हलका.

हलका नाही, कच्चा आहे. कच्च्या रबरात मुख्यतः गुंताच. झटक्यात ताणलं तर त्याला सुटायला वेळ मिळत नाही, तो गाठीसारखा वागतो. रात्रभरात मात्र साखळ्या गवताच्या भाऱ्यातून धामण निसटावी तशा निसटतात. १८३९ मध्ये चार्ल्स गुडइयरने रबर गंधकासोबत तापवलं तेव्हा कुठे त्यात पक्क्या गाठी पडल्या. दराचं बोलायचं तर आधी रबर बोर्डाच्या माणसाला शीट दाखवा.

वेंगुर्ले : डिझेलची रबरी नळी फुगली आहे. पुसून चालेल?

नाही. गाठींमुळे ती विरघळली नाही, एवढंच. मेकॅनिकला विचारून डिझेलला टिकणाऱ्या नायट्राइल रबराची घाला.

मालवण : होडीच्या तळाला भेग आहे. पावसात रेझिन वाळत नाही म्हणून दुकानदार हार्डनर दुप्पट घालायला सांगतो. जास्त हार्डनर म्हणजे जास्त मजबूत ना?

हे ऐकून माझे कान किटले. पॉलिएस्टर रेझिनमध्ये हार्डनर स्वतः गाठ होत नाही, फक्त क्रिया सुरू करून देतो. गाठी बांधतं ते स्टायरीन, ज्याचा उग्र वास येतो. साधारण १०० ग्रॅम रेझिनला १ ते २ ग्रॅम हार्डनर पुरतो. जास्त ओतलात तर डबा तापतो, धुरावतो, थराला तडे जातात. गेल्या वर्षी एकाने असा तुकडा आणला होता. काचेसारखा चकचकीत, नखाने वाजवला तर टणटण, आणि दोन बोटांत मोडला.

मुळात गाठी वाढल्या की ताकद वाढते, हेच अर्धसत्य. कडकपणा वाढतो. पण दोन गाठींमधली साखळी आखूड होते, ताण वाटून घ्यायला जागा उरत नाही. एक तुटली की भार थेट शेजारणीवर. रबराच्या १०० भागांना २-३ भाग गंधक घातलं तर लवचीक ट्यूब, ३० च्या आसपास घातलं तर एबोनाइट, म्हणजे कडक, न ताणणारं रबर. २०२१ मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी गाठी अगदी थोड्या आणि गुंता भरपूर असं जेल केलं. ते ताठही राहिलं आणि चिवटही, कारण गुंता सरकून ताण दूरवर पसरवतो. (होडीच्या रेझिनवर हा प्रयोग करू नका.)

इपॉक्सी या दुसऱ्या जातीच्या रेझिनमध्ये तर हार्डनरच गाठीचा भाग असतो. तिथे अंदाजपंचे चालतच नाही, काट्यावर तोला. आणि पॉलिएस्टर रेझिनची क्रिया वेगात व्हावी म्हणून घालतात ते कोबाल्टचं द्रावण व हार्डनर थेट एकमेकांत कधीही मिसळू नका, भडका उडतो. ताडपत्री बांधा, भेग पूर्ण कोरडी होऊ द्या, डब्यावरचं प्रमाण वाचा. भेग तळाला आहे, तेव्हा आधी होडी बांधणाऱ्या कारागिराला दाखवा. उद्या नाही, आजच.

हर्णै : फायबरचा तुकडा बादलीसारखा तापवून वळवता येईल?

नाही. बादलीत गाठी नसतात म्हणून ती वितळते. हा जळेल.

देवगड : उरलेला हार्डनर फ्रीजमध्ये ठेवू का?

स्वयंपाकघरातल्या? मुळीच नाही. पाण्याच्या बाटलीत तर त्याहून नाही. मूळ बाटलीत, सावलीत, कोबाल्टपासून लांब ठेवा. विल्हेवाट कशी लावायची ते विकणाऱ्याला विचारा, एवढं तरी त्याला ठाऊक असावं.