पाण्याची धार येत नसेल तर दोरी ओढू नका

दादा, तुमच्या काकांचं 15 हॉर्सपॉवरचं जुनं टू-स्ट्रोक ओबीएम (होडीच्या मागे लावायचं आउटबोर्ड इंजिन) दोन पावसाळे दिवाळे गावातल्या शेडमध्ये पडून होतं, आता दोरी ओढली की चालू होतं, पाच-सात मिनिटांत बंद पडतं, मागून धार येत नाही, आणि मेकॅनिक म्हणतोय कार्बोरेटर बदला. कार्बोरेटरचं नंतर बघू. धार नाही म्हणजे इंजिनला थंड करणारं पाणी बहुतेक वर पोचतच नाहीये, आणि असं चालवत राहिलात तर पिस्टन धरेल, म्हणजे तापून जाम होईल, मग खर्च खरंच मोठा. पाण्याची वाट मोकळी होईपर्यंत दोरीला हात लावू नका.

आधी फुकटातलं काम करा. धारेच्या भोकात बारीक तार घाला, शेडमध्ये पडलेल्या मशीनमध्ये कुंभारमाशी मातीचं घर करते, नाहीतर मीठ साचतं. खाली पाणी आत घेणाऱ्या जाळीत आपल्या खाडीचा गाळ किंवा प्लास्टिक अडकलंय का तेही बघा. पेट्रोलच्या टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू सैल आहे ना? तो बंद राहिला तर टाकीत हवा जात नाही, पेट्रोल ओढलं जात नाही आणि मशीन असंच पाच-दहा मिनिटांनी मरतं. पाइपावरचा रबरी बल्ब चपटा झालेला दिसला तर हेच कारण समजा.

हे सगळं नीट असेल तर इंपेलर, म्हणजे पाणी वर ढकलणारं चाक, बघा. खालचा गिअरबॉक्स उतरवल्यावर उभ्या शाफ्टवर पंपाचं घर असतं, त्यात रबरी पंखुड्यांचं छोटं चाक. बोल्ट मिठाने जाम असतील तर ताकद लावू नका, ॲल्युमिनियममध्ये बोल्ट तुटला की रडायची वेळ येते, आदल्या रात्री गंज सोडवायचं तेल मारून ठेवा, सकाळी हलक्या हाताने मागे-पुढे करत सोडवा. गिअरची दांडी वेगळी करायला विसरू नका. मी कोपरीला पहिल्यांदा एक मशीन खोललं तेव्हा सहापैकी दोन पंखुड्या गायब होत्या, उरलेल्या चारही एकाच बाजूला वाकून लाकडासारख्या कडक. नवीन इंपेलर बसवला तरी धार येईना, कारण ते दोन तुकडे वरच्या पाण्याच्या नळीत अडकलेले. म्हणून तुटलेला प्रत्येक तुकडा शोधा, मोजून. नवीन चाकाला थोडं ग्रीस लावा, खालची छोटी चावी (चाक शाफ्टला अडकवणारा तुकडा) खाचेत बसलीय का बघा, आणि पंपाचं घर खाली दाबताना शाफ्ट इंजिन फिरतं त्याच दिशेला फिरवत राहा म्हणजे पंखुड्या बरोबर वळतात. उलटं फिरवू नका. बोल्टांना परत बसवताना मरीन ग्रीस लावाच, पुढच्या वेळी तुम्हीच मला दुवा द्याल.

गिअर ऑइल त्याच दिवशी बदला. खालचा स्क्रू, मग वरचा काढा, ऑइल वाटीत घ्या. दुधासारखं पांढरट आलं तर आत पाणी शिरलंय, सील बदलायला लागेल, बऱ्याचदा पंख्यामागे (प्रोपेलरमागे) गुंडाळलेली मासेमारीची दोरी सील कापते, पंखा काढून बघा. नवीन ऑइल खालच्या भोकातून भरायचं, वरून बाहेर येईपर्यंत, मग आधी वरचा स्क्रू, नंतर खालचा, वॉशर नवे. जुनं ऑइल कृपया खाडीत ओतू नका.

आता पेट्रोल. दोन वर्षांचं जुनं अजिबात वापरू नका. हल्लीच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते हवेतली ओल खेचतं, आणि पाणी जास्त झालं की पाणी-इथेनॉलचा थर तळाला बसतो. आपलं मशीन तळातूनच ओढतं, त्या थरात टू-स्ट्रोकचं ऑइल जवळजवळ नसतं, म्हणजे इंजिन कोरडं चालतं. ताजं पेट्रोल, त्यात टीसी-डब्ल्यू-3 ऑइल, म्हणजे पाण्याने थंड होणाऱ्या टू-स्ट्रोक बोट इंजिनाचं ऑइल. मॅन्युअलमध्ये 50:1 असेल तर लिटरला 20 मिली, मोजून घाला, अंदाजे नको. कारचं किंवा बाइकचं ऑइल नको. कार्बोरेटर खोलून वाटी आणि जेट (पेट्रोल सोडणारी बारीक भोकाची नळी) साफ करा, बारीक भोकात जाड तार घालू नका. प्लग नवीन टाका.

मग टेस्टिंग. मोठा पिंप घ्या, पाणी पंपाच्या वरपर्यंत आलंच पाहिजे, पंखा काढून ठेवा, आणि शेडच्या बाहेर उघड्यावर, धूर आत कोंडला तर जीवावर बेतेल. चालू झालं की अर्ध्या-एक मिनिटात धार दिसली पाहिजे, नाही दिसली तर लगेच बंद.

धार आली की पुढे एकच सवय लावा, खाडीतून आल्यावर दरवेळी दहा मिनिटं गोड्या पाण्यात चालवायचं, बरेच दिवस ठेवायचं असेल तर शेवटी पेट्रोलचा पाइप काढून ते आपोआप बंद पडू द्यायचं.

गिअर ऑइलचा रंग काय निघाला आणि इंपेलरच्या किती पंखुड्या शाबूत होत्या ते नक्की सांगा, त्यावरून पुढचं बघू.