बारा रकान्यांसाठी फ्रेमवर्क कोणतं?

प्रश्न : ताई, दारव्हा तालुक्यातल्या एका गावात माझं ऑनलाइन सेंटर आहे. खरिपात एकेका शेतकऱ्याचं नाव, खाते क्रमांक, गट नंबर, बँकेचा आयएफएससी असे तेच ते बारा रकाने तीन वेगवेगळ्या फॉर्मांत भरावे लागतात. ते आपोआप भरणारं क्रोमचं एक्स्टेंशन (ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्रॅम) स्वतः बनवायचं आहे. बीसीए झालंय, रिअ‍ॅक्ट थोडं येतं. त्यासाठीच्या तयार साधनांपैकी कोणी प्लाझ्मो घे म्हणतं, कोणी डब्ल्यूएक्सटी, कोणी सीआरएक्सजेएस. लॅपटॉप ४ जीबीचा, नेट मोबाइलचं. काय घेऊ?

उत्तर : भाऊ, सध्या यातलं काहीच घेऊ नका. तुमचं काम चार फायलींचं आहे : मॅनिफेस्ट (एक्स्टेंशनची माहिती आणि परवानग्या लिहिलेली फाइल), पॉपअपचं म्हणजे आयकॉन दाबल्यावर उघडणाऱ्या छोट्या खिडकीचं पान, त्याची स्क्रिप्ट आणि फॉर्मात जाऊन रकाने भरणारी स्क्रिप्ट. क्रोमच्या एक्स्टेंशनच्या पानावर डेव्हलपर मोड सुरू करायचा, ‘लोड अनपॅक्ड’ दाबून फोल्डर दाखवायचं, की एक्स्टेंशन चालू. काही डाउनलोड करायचं नाही, त्यामुळे दुपारी लाइन गेली तरी बॅटरीवर काम होतं. मॅनिफेस्टचं व्हर्जन मात्र ३ च ठेवा. व्हिडिओ जुने असतील तर त्यांत २ दिसेल, ते क्रोमनं बंद केलंय.

खरी मेहनत फॉर्मात आहे, आणि तिथे कुठलंच फ्रेमवर्क तुमच्या मदतीला येत नाही. रकान्यात कोडनं नुसती किंमत (व्हॅल्यू, म्हणजे भरायचा मजकूर) टाकली तर अक्षरं दिसतात, पण पानाला ती कळत नाहीत. सबमिट केलं की ‘नाव भरा’ म्हणून लाल अक्षरं. किंमत टाकल्यावर ‘इनपुट’ आणि ‘चेंज’ हे दोन्ही इव्हेंट (रकाना बदलल्याचे पानाला जाणारे इशारे) स्वतः पाठवा, ‘बबल्स’ ट्रू ठेवून. जिल्हा-तालुका-गाव हे तर आणखी वेगळं. यवतमाळ निवडल्यावर दारव्हा यादीत यायला आपल्या नेटवर कधी दोन सेकंद लागतात, कधी वीस. ठरावीक वेळ थांबणारा कोड इथे फसतो. यादी बदलली की कळवणारा म्युटेशन ऑब्झर्व्हर लावा, आणि दारव्हा दिसल्यावरच निवडा. या एका गोष्टीला तुमचे दोन-तीन दिवस जातील, जाऊ द्या.

आता एक चूक सांगते, ती माझी आहे. हिंगणघाटकडच्या एका जिनिंगच्या दिवाणजींसाठी मी काट्याच्या पावत्या भरणारं एक्स्टेंशन केलं होतं. पॉपअपच्या बाहेर क्लिक केलं की पॉपअप मिटतो आणि त्यातलं सगळं जातं, म्हणून मी दिवसाच्या पावत्या सर्व्हिस वर्करच्या, म्हणजे एक्स्टेंशनच्या पडद्यामागे चालणाऱ्या स्क्रिप्टच्या, एका व्हेरिएबलमध्ये ठेवल्या. क्रोम हा वर्कर ३० सेकंद काम नसलं की बंद करतो. माझ्या टेबलावर मी सारखी क्लिक करत होते, त्यामुळे तो जागा राहायचा. तिथे दिवाणजी एक गाडी मोजायला उठले, परत आले तर यादी रिकामी. बाहेर कापसाच्या गाड्यांची रांग, आणि त्यांनी वहीतून सगळं पुन्हा उतरवलं. त्यांनी मला एक शब्द लावला नाही, तरी ते मला अजून बोचतं.

तुम्ही माहिती ‘स्टोरेज सेशन’मध्ये ठेवा. ती मेमरीत राहते, वर्कर झोपला तरी टिकते आणि ब्राउझर बंद झाला की पुसली जाते. ‘स्टोरेज लोकल’मध्ये ठेवली तर ती कुलूप नसलेल्या कपाटासारखी लॅपटॉपवर पडून राहते, कारण ते एन्क्रिप्टेड नसतं. लोक तुमच्या टेबलावर आधार कार्ड आणि पासबुक विश्वासानं ठेवून जातात. परवानग्याही तीनच मागा : ‘अ‍ॅक्टिव्हटॅब’, ‘स्क्रिप्टिंग’ आणि ‘स्टोरेज’. म्हणजे तुम्ही आयकॉन दाबाल तेव्हा आणि त्याच टॅबला हात लागेल. कॅप्चा आणि ओटीपी माणसानंच भरायचे, आणि सबमिटचं बटण शेतकऱ्याला रकाने वाचून दाखवल्यावर दाबायचं. गट नंबर एका आकड्यानं चुकला तर निस्तरायला त्याच्याच चपला झिजतात.

फ्रेमवर्क कधी? पॉपअपमध्ये शेतकऱ्यांची यादी, शोध, दुरुस्ती असे पडदे वाढले आणि साध्या जावास्क्रिप्टमध्ये गुंता व्हायला लागला की. तेव्हा मी डब्ल्यूएक्सटी सांगेन. ते वीट (Vite) या कोड बांधणाऱ्या साधनावर चालतं, रिअ‍ॅक्ट, व्ह्यू, स्वेल्ट काहीही घेतं, ‘एंट्रीपॉइंट्स’ फोल्डरमधल्या फायलींवरून मॅनिफेस्ट स्वतः तयार करतं, आणि त्याच कोडमधून फायरफॉक्सचीही प्रत काढतं. सीआरएक्सजेएस हे वीटचं प्लगइन. मॅनिफेस्ट स्वतः लिहायला आवडत असेल तर चांगलं. प्लाझ्मो पार्सल (Parcel) या तशाच दुसऱ्या साधनावर बांधलंय, रिअ‍ॅक्टवाल्यांना सोपं जातं, पण नवीन काम मी त्यावर सुरू करणार नाही. पॅकेजेस एकदाच, तालुक्याला चांगल्या नेटवर बसून उतरवून आणा.

प्रश्न : त्याच एक्स्टेंशनला क्रोमच्या स्टोअरवर टाकायला पैसे लागतात का? मेहकरच्या माझ्या मित्राच्या सेंटरलाही द्यायचंय.

उत्तर : डेव्हलपर नोंदणीचे ५ डॉलर, एकदाच. फायरफॉक्सकडे फुकट. पण दोनच सेंटर असतील तर फोल्डर पेनड्राइव्हवर द्या आणि त्यांच्याकडेही ‘लोड अनपॅक्ड’ करा. देण्याआधी कोडमध्ये चाचणीसाठी लिहिलेली खऱ्या शेतकऱ्यांची नावं आणि खाते क्रमांक राहिलेत का, हे एकेक फाइल उघडून बघा.