वाण आहे, कूळ नाही

प्रश्न : सोलापुरातील आमच्या जुन्या घराच्या माळ्यावर एक भटकी मांजरी व्याली. तिच्या पिलांतील एक भाटी पांढरीशुभ्र असून कानांच्या बुडाशी दोन तांबूस डाग आणि शेपूट तेवढी तांबूस आहे. एक डोळा निळा, दुसरा पिवळसर. नळाला काही दिवसांआड पाणी येत असल्यामुळे आम्ही पिंपे भरून ठेवतो; ही भाटी पिंपाच्या काठावर बसून पंजाने पाणी उडवत राहते. मांजरे विकणारे एक गृहस्थ तिला ‘टर्किश व्हॅन’ जातीची ठरवून तिची पिले चांगल्या भावाने जातील असे म्हणतात. ते खरे आहे का? आणि निळ्या डोळ्यांची मांजरे बहिरी असतात का?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : आपली भाटी टर्किश व्हॅन नाही. येथे ‘व्हॅन’चा मोटारीशी संबंध नसून तुर्कस्तानच्या पूर्वेकडील वान सरोवर व त्याच नावाचे शहर यांवरून हे नाव पडले आहे. घोटाळा असा की, अंग पांढरे आणि रंग फक्त डोक्यावर व शेपटीवर, अशा नक्षीलाही ‘व्हॅन’च म्हणतात, आणि ती नक्षी जगातील कोणत्याही गल्लीतील मांजरात उमटू शकते, कारण पांढरे डाग पाडणाऱ्या जनुकाचा तो परिणाम असतो. आपल्या भाटीत हा वाण उतरला आहे. कूळ मात्र मांजरांच्या जातींची नोंद ठेवणाऱ्या संस्थेच्या वंशावळीवरूनच ठरते, आणि माळ्यावर जन्मलेल्या पिलाची वंशावळ ते गृहस्थ कोठून आणणार?

या जातीचा इतिहास तिच्या नावापेक्षा गमतीदार आहे. लॉरा लशिंग्टन आणि सोनिया हॅलिडे या दोन ब्रिटिश स्त्रियांना १९५५ मध्ये तुर्कस्तानच्या प्रवासात दोन पिले मिळाली आणि ती त्यांनी इंग्लंडला नेली. वीण सारखीच पांढऱ्या अंगाची व रंगीत शेपटीची निघते असे दिसल्यावर १९५९ मध्ये त्यांनी तेथूनच आणखी एक जोडी आणली, आणि १९६९ मध्ये ब्रिटनच्या नोंदणी संस्थेने ही जात मान्य केली. या पहिल्या चार मांजरांपैकी एकही वान शहरातील नव्हते! खुद्द वानमध्ये ज्याला ‘वानचे मांजर’ म्हणतात, ते बहुधा संपूर्ण पांढरे असते. त्याचे डोळे निळे, पिवळसर किंवा एक निळा व एक पिवळसर असे असतात, आणि त्याच्या संवर्धनासाठी तेथील विद्यापीठाने केंद्र चालवले आहे. म्हणजे आपल्या भाटीचे डोळे एका मांजराचे आणि शेपूट दुसऱ्याची, असे म्हणावे लागेल.

खरे टर्किश व्हॅन दांडगे असते. रुंद छाती, भक्कम पाय, झुबकेदार शेपूट. बोका सात-आठ किलोंपर्यंत भरतो, आणि पूर्ण वाढ होण्यास तीन ते पाच वर्षे लागतात. केस मध्यम लांब व मऊसूत, पण त्यांखाली दाट लोकर नसते, त्यामुळे अंग लवकर वाळते. उन्हाळ्यात केस इतके झडतात की शेपूट सोडल्यास मांजर आखूड केसांचे वाटावे.

स्वभावाने ते माणसाळलेले, पण मांडीवर बसणारे नव्हे. उचलून घेतलेले त्याला फारसे रुचत नाही. घरातील एखाद्या-दुसऱ्या माणसाचा मात्र त्याला पक्का लळा असतो. फेकलेली वस्तू आणून देणे, कपाटाच्या माथ्यावर चढणे, वाहत्या नळाखाली पंजा धरणे हे त्याचे नेहमीचे उद्योग. तथापि पाण्याशी खेळते एवढ्यावरून जात ठरवू नये. हलणाऱ्या पाण्यावरची चकाकी पुष्कळ साध्या मांजरांनाही खुणावते.

बहिरेपणाचा धोका मुख्यतः संपूर्ण पांढऱ्या मांजरांत, त्यातही निळ्या डोळ्यांच्या मांजरांत असतो. एकच डोळा निळा असलेले असे मांजर एका कानाने बहिरे असले, तर बहुधा त्याच बाजूचा कान अधू असतो. आपल्या भाटीच्या अंगावर रंग आहे, त्यामुळे शक्यता कमी आहे. तरीही ती झोपलेली असताना मागून, फरशीला धक्का न लावता, वाटीवर चमचा वाजवून पाहा. कान हलला तर ऐकू येते. एकच कान अधू असेल तर मात्र हे अशा परीक्षेत कळत नाही, त्यासाठी पशुवैद्यांकडेच जावे.

विक्रीसाठी तिची वीण घेऊ नये. साधा बोका लाभला तर पिले बहुधा चितकबरीच निघतील, त्यापेक्षा वेळेवर वंध्यीकरणाची शस्त्रक्रिया करून घ्यावी. आणि पिंपांवर आजच झाकणे ठेवावीत. पिंप अर्धे रिकामे असले, तर आत पडलेल्या पिलाला गुळगुळीत भिंतीवरून वर येता येत नाही. तिच्या हौसेसाठी परातीत दोन बोटे पाणी पुरेल, आणि अंग पुसायला आपल्याच गावचा टॉवेल आहे.